खंडेनवमीला बंद केलेलं मशीन

मी भित्री आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं कुणी माझ्याकडून शौर्याची अपेक्षा ठेवायला नको. लहानपणी मी विहिरीत डोकावायला भ्यायची, गणिताच्या मास्तरांना भ्यायची, आणि एसटीच्या कंडक्टरला तर सुट्टे पैसे मुठीत असतानाही भ्यायची. पण साखर कारखान्यातल्या त्या काळ्या पडद्यावर हिरव्या अक्षरांत एखादी इंग्रजी ओळ उमटली की मी जेवढी भ्यायची, तेवढी पुढं आयुष्यात क्वचितच भ्याले.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. उस्मानाबादला धाराशिव म्हणायची ती तेव्हा फक्त म्हातारी माणसं. लागोपाठ पावसाळे कोरडे चालले होते. आमच्या भागात सहकारी साखर कारखाना उभा राहिला होता, पण ऊस उभा ठेवायला विहिरींत पाणी नव्हतं. मी उस्मानाबादला टायपिंगच्या परीक्षा दिल्या होत्या, त्या जोरावर कारखान्याच्या शेतकी खात्यात टायपिस्ट म्हणून लागले. खात्यात बाईमाणूस मी एकटीच. वर्षभरात तिथं ते मशीन आलं.

मशीन म्हणजे कॉम्प्युटर, कमरेएवढं एक कपाट आणि त्याला वायरींनी जोडलेले तीन-चार पडदे. त्याच्यावर युनिक्स नावाची व्यवस्था चालायची. धूळ लागू नये म्हणून त्याला थंड खोली दिली होती आणि चपला दाराबाहेर काढायच्या असत. कारखान्यात चेअरमनसाहेबांच्या केबिनमध्येही लोक चपला घालून जात, पण इथं काढत. आत आलं की आपोआप आवाज खाली यायचा. एक-दोघांनी तर उंबऱ्याला हात लावून कपाळाला लावलेला मी बघितला आहे.

पुण्याहून आलेल्या इंजिनिअरनं आम्हा चार-पाच जणांना थोडे दिवस शिकवलं. बाकीचे हळूहळू कामं काढून सटकले. मी उरले, कारण शेतकी साहेबांना नाही म्हणायलाही मी भ्यायची.

पहिल्याच आठवड्यात मी काहीतरी हुकूम चुकीचा दिला आणि पडद्यावर आलं, ‘नॉट अ टायपरायटर’. मी खुर्ची मागं सरकवली. मला वाटलं, हे मला बोललं. टायपिस्ट बाई इथं येऊन बसली हे याला कळलंय आणि ते बजावतंय, की मी टायपरायटर नाही, नीट हात लाव. पुढं इंजिनिअरनं सांगितलं की ही ओळ जुन्या काळातली आहे, जे काम फक्त पडद्याकडून होतं ते दुसऱ्याच कशाला तरी सांगितलं की ती येते. तोवर दोन दिवस मी जेवणाचा डबा तसाच घरी नेला होता.

‘परमिशन डिनाइड’ आलं तेव्हा तर मी सरळ उठून बाहेर गेले. आत यायला मनाई, हात लावायला मनाई, ही भाषा आमच्या घरच्या मोठ्या माणसांनी भरपूर ऐकलेली होती आणि मला ती इंग्रजीतूनही लगेच ओळखू आली. नंतर कळलं की प्रत्येक फाइलीला एक मालक असतो, कुणी वाचायचं, कुणी लिहायचं, हे त्यानं ठरवलेलं असतं, आणि मालकाच्या नावानं आत शिरून ते बदलता येतं. हे बदलता येतं, एवढं कळल्यावर मला बराच धीर आला. ‘नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’ म्हणजे अशी फाइलच नाही. ती बहुतेक वेळा असायची, मीच लहान अक्षराच्या जागी मोठं मारलेलं असायचं.

पण या सगळ्यांपेक्षा मला भीती वाटायची ती मशीन काहीच बोलायचं नाही तेव्हा. हुकूम द्यावा, बटण दाबावं, तर नुसती पुढची कोरी ओळ. झालं की नाही झालं? मी तेच काम पुन्हा करून बघायची आणि भलताच घोळ घालायची. इंजिनिअर हसला होता. म्हणाला, बाई, याची रीतच अशी आहे, काम नीट झालं की हे गप्प बसतं, बिघडलं तरच तोंड उघडतं. मी म्हटलं, म्हणजे आमच्या वडिलांसारखं. ते तसेच होते.

वडिलांचं सांगितलंच पाहिजे, कारण पुढचं सगळं त्यांच्या उसापाशी येऊन थांबतं. आमचं गाव तेरच्या जवळ, कारखान्याच्या हिशेबानं तेर गटात. वडिलांनी नवी विहीर पाडली आणि आमच्या घरात पहिल्यांदाच ऊस लावला, एकच एकर. लावला तेव्हा पाणी होतं. वर्ष उलटलं तशी विहीर तळाला गेली. दसऱ्यानंतर महिनाभर पाणी पुरेल, पुढं ऊस उभ्यानं वाळणार, हे ते मोटार बंद करून रोज विहिरीत बघून सांगत. म्हणजे ऊस पहिल्या पाळीत तुटायला हवा होता.

कुणाचा ऊस कधी तोडायचा, हा कारखान्यातला सगळ्यात नाजूक प्रश्न. नियम साधा: ज्याची लागण आधी, त्याची तोड आधी. पण आजवर तोडीचा कार्यक्रम हातानं निघायचा, आणि हातानं निघाला की त्यात पाहुणे निघायचे, संचालकांचे साडू निघायचे. सगळ्यांचाच ऊस वाळायला लागल्यावर यावरून कार्यालयात गचांड्या धरल्या गेल्या होत्या. म्हणून त्या वर्षी ठरलं की लागणीच्या नोंदी मशीनमध्ये भरायच्या आणि क्रम मशीननं लावायचा. गावोगावच्या चिटबॉयांनी, म्हणजे कारखान्याच्या शेतावरच्या कारकुनांनी, आणलेल्या चिठ्ठ्या मी उन्हाळ्यापासून भरत होते. एकेका गटाची एकेक फाइल.

तेर गट पोळ्याच्या आदल्या दिवशी भरून संपला. वडील त्या दिवशी मुद्दाम कारखान्यावर आले. चपला बाहेर काढून, टोपी हातात घेऊन आत उभे राहिले. मी त्यांची नोंद पडद्यावर काढून वाचून दाखवली: गाव, क्षेत्र, लागणीची तारीख. त्यांनी पडद्याला हात लावला नाही, टेबलाच्या कडेला लावला.

“हे कुणाचं तोंड वळखतं का?” त्यांनी विचारलं.

“न्हाय बाबा. याला फक्त तारीख कळते.”

“मग बरंय,” ते म्हणाले आणि पोळ्याचा बाजार करायला गेले.

मधे एकदा ‘नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस’ आलं होतं. जागा संपली. साहेबांनी फर्मावलं, नको ते सगळं पुसून टाका. मी भीतभीत जुन्या तालमीच्या फायली, चुकून झालेल्या नकला काढून टाकल्या. त्यात एक रिकामा कप्पा दिसला. इंग्रजी नावाचा अर्थ, हरवलेलं आणि सापडलेलं. आत काहीच नाही. साहेब म्हणाले, रिकामाच आहे तर काढा. मला ते नाव वाचूनच कसंतरी झालं. जे मी ठेवलं नाही ते मी कशाला काढू, म्हणून साहेबांना काढला असं सांगितलं आणि तो तसाच ठेवला.

नवरात्र आलं. तुळजापूरकडं जाणाऱ्या माणसांनी रस्ते भरले. येडशी गट सगळ्यात शेवटी भरून झाला तो घटस्थापनेनंतर. आता सगळे गट मशीनमध्ये होते आणि दसऱ्यानंतर आठवड्याभरात बॉयलर पेटून गव्हाणीत उसाची पहिली मोळी पडणार होती, गाळप सुरू होणार होतं. खंडेनवमीला दुपारी मी घरी निघणार होते. आमचं घर बौद्ध, दसऱ्याला आमच्या वस्तीत धम्मचक्र प्रवर्तन दिन असतो, पांढरी साडी नेसून आईबरोबर विहारात जायचं असतं. निघण्याआधी मी सगळ्या फायलींची नक्कल टेपवर उतरवायला लावली. धड चालणारी टेप एकच होती. आणखी मागितल्या होत्या, पण तो विषय खरेदी समितीच्या एका बैठकीतून दुसरीत प्रवास करत होता. नक्कल संपायला तास-दोन तास लागणार होते. कारखान्याचे जुने वायरमन होते, सगळे त्यांना मामा म्हणायचे. मी त्यांना म्हटलं, “मामा, मशीन चालू राहू द्या. टेप चालू आहे. हात लावू नका.”

“जा ताई, तुम्ही निवांत जा,” मामा म्हणाले.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मी आले तर खोलीत झेंडूचा आणि उदबत्तीचा वास कोंडला होता. पडद्यांना हार. कपाटावर हळदीकुंकवाची बोटं, पुढं फोडलेला नारळ. आणि कपाट गार. नेहमीची घरघर नाही. मी हात लावून बघितला, पुन्हा लावून बघितला.

खंडेनवमीला हत्याराला विसावा द्यायचा असतो. नांगर, कुऱ्हाड, पाना, लेथ, जे ज्याचं हत्यार ते धुऊन, पुसून, पूजा करून एक दिवस स्वस्थ ठेवायचं. कारखान्यात सगळीकडं पूजा झाली. मामा या खोलीत आले आणि त्यांना दिसलं की सगळ्या कारखान्यात हे एकटंच बिचारं राबतंय. वीज गेली तरी मशीन चालावं म्हणून त्याला वीज बॅटऱ्यांतून यायची. मामांनी हात जोडले आणि बॅटरीचा खटकाच ओढला.

मी मशीन चालू केलं. ते कुरकुरलं, फिरलं, आणि पडद्यावर ओळी यायला लागल्या. फायलींची व्यवस्था बिघडली आहे, तपासल्याशिवाय वापरू नका. टेप घालून बघितली, तर तीही अर्ध्यात तुटलेली, वाचता येत नव्हती. म्हणजे मूळही गेलं आणि नक्कलही. उन्हाळ्यापासूनचं काम. वडिलांचा एकर.

शेतकी साहेब धावत आले. मोठ्या आवाजाचा माणूस, पण आत येताना चपला काढायला विसरला नाही. “कुणी बंद केलं?”

मी मान खाली घातली. मला माहीत होतं कुणी केलं, आणि मला हेही माहीत होतं की कोण काय म्हणेल. ज्याचं हत्यार त्यानं पूजा करायची असते, आणि या बाईनं ती केली नाही. असं कुणी अजून म्हटलं नव्हतं. पण दारात जमलेल्या माणसांची तोंडं बघून मला ते वाक्य ऐकू येत होतं, आणि मशीनपेक्षा मला त्याचीच भीती जास्त वाटत होती.

मामा गर्दीतून पुढं आले. “म्याच केलं सायेब. ताईंनी सांगितलं व्हतं हात लावू नगा. पर खंडेनवमीला हत्यार चालू ठिवायचं म्हंजी... मला बघवंना. ताईंचा काय बी दोष न्हाय.”

साहेबांनी दारातल्या लोकांना हाकललं आणि मला म्हणाले, “बाई, चिठ्ठ्या पुन्हा भरायला किती दिवस?”

“सगळे गट म्हणजे दीड-दोन महिने तरी.”

“मग या वर्षी कार्यक्रम हातानं काढावा लागेल,” ते म्हणाले. आम्हा दोघांनाही त्याचा अर्थ माहीत होता. पाहुणे पुढं, आणि वडिलांसारख्यांचा ऊस होळीपर्यंत उभा.

पुण्याला ट्रंक कॉल लावला. तो लागेपर्यंत मी साहेबांच्या केबिनमध्ये फोनशेजारी बसून नखं खाल्ली. इंजिनिअरचा आवाज खरखरीतून येत होता. तो स्वतः चार दिवस तरी येऊ शकत नव्हता. त्यानं तपासणीचा हुकूम सांगितला. “ते तुम्हाला प्रश्न विचारेल. हो किंवा नाही, एवढंच उत्तर द्यायचं. घाबरून सगळ्याला हो म्हणू नका, हो म्हणजे कधी जोडा असतं आणि कधी पुसा असतं. वाचा, मग बोटं चालवा. आणि दोन फायली एकाच जागेवर हक्क सांगायला लागल्या तर तारखा बघा. जिची तारीख जुनी, ती बिघडलेली धरायची. तीच पुसायची. कळलं?”

“हो,” मी म्हटलं. आणि फोन तुटला.

मी परत येऊन बसले. साहेब मागं उभे. मामा दाराशी उकिडवे बसलेले, तोंडानं काहीतरी पुटपुटत होते. मी हुकूम दिला.

मशीन टप्प्याटप्प्यानं तपासत गेलं. स्वयंपाकघरात फळीवर डबे असावेत आणि सगळ्यांवरच्या चिठ्ठ्या गळून पडाव्यात, तसं झालं होतं. डबे जागेवर होते, आतलं धान्यही होतं, पण कशात काय ते सांगणारं काही उरलं नव्हतं. मशीन एकेक डबा काढून विचारत होतं: ही फाइल कुणाचीच नाही, जोडून घेऊ का? नावाच्या जागी नुसता आकडा, शेजारी फाइल केवढी आहे आणि तिला शेवटचा हात कधी लागला ती तारीख-वेळ. मी प्रत्येक ओळ बोट ठेवून वाचत होते आणि मग एकच अक्षर मारत होते. प्रत्येक वेळी वाटायचं, हेच चुकणार.

जोडलेल्या फायली जात होत्या त्या त्या रिकाम्या कप्प्यात. हरवलेलं आणि सापडलेलं. तो त्यासाठीच असतो, हे मला तेव्हा कळलं. तो नसता तर मशीननं ‘सॉरी’ म्हटलं असतं आणि पुढचा प्रश्न पुसण्याचा आला असता, हे मी नंतर पुस्तकात वाचलं. वाचल्यावर त्या रात्री मला ताप आला. धीट बाई असती तर तिनं साहेबांचं ऐकून तो कप्पा केव्हाच काढून टाकला असता.

आणि मग ती ओळ आली. या फाइलीची जागा दुसऱ्याही फाइलीत आहे. पुसू का?

एकाच तुकड्याचे दोन सातबारे निघावेत तशी गोष्ट. मी ‘नाही’ म्हटलं. मशीन पुढं गेलं आणि दुसऱ्या फाइलीबद्दल तेच विचारलं. तिलाही ‘नाही’ म्हटलं, तारखा तेवढ्या बघून घेतल्या, आणि तपासणी पुन्हा पहिल्यापासून लावली. बाकीचं सगळं आता ठीक होतं. पुन्हा तीच ओळ आली आणि कर्सर तिच्यापुढं मिचमिचत थांबला.

एका फाइलीची तारीख नवरात्रातली. ती येडशी.

दुसरी, जी पुसू का म्हणून मशीन आत्ता विचारत होतं, तिची तारीख पोळ्याच्या आदल्या दिवसाची, दुपारची. वडील टोपी हातात घेऊन उभे होते तो दिवस, ती वेळ. फाइलीला नाव नसलं म्हणून काय झालं, मला ती अंधारातही ओळखू आली असती.

“काय विचारतंय?” साहेबांनी विचारलं.

“तेर आणि येडशी एकमेकांत गुंतलेत. एक पुसला तरच दुसरा वाचतो.”

“कुठला पुसायचा?”

“जुना.” मी तारखेवर बोट ठेवलं. “तेर.”

साहेबांनी माझ्याकडं बघितलं. “तुमचं गाव तेर गटातच ना?”

“हो.”

“मग,” ते खाली वाकून हळू आवाजात म्हणाले, “येडशी पुसून नाही चालणार?” ते वाईट माणूस नव्हते. त्यांना माझी दया आली होती, आणि दयेनं मी जास्तच घाबरले.

चाललं असतं. मशीननं मुकाट्यानं ऐकलं असतं, त्याला कुठं तोंड ओळखू येत होतं. पण त्या जागेवर शेवटचं लिहिलं गेलं होतं ते येडशीचं. तेरची फाइल ठेवली असती तर तेरच्या काही नावांखाली येडशीच्या तारखा आल्या असत्या, आणि त्या कुठल्या हे कुणालाच कधी कळलं नसतं. वडिलांचं नाव कदाचित नीट राहिलं असतं. कदाचित वरही सरकलं असतं. आणि येडशीची सगळी माणसं मुळासकट गेली असती. मी ‘नाही’ म्हणाले असते तर कुणी मला काही विचारणारं नव्हतं, आणि हेच सगळ्यात भयंकर होतं. आई डोळ्यांपुढं आली, विहिरीत वाकलेले वडील आले. मला इतकी भीती वाटत होती की विचारच करता येईना. मग जे सांगितलं होतं तेवढंच मी केलं. तारीख पुन्हा एकदा वाचली, आणि हो म्हणजे पुसा हे मनात घोकून, हो म्हटलं.

मशीन पुढच्या ओळीवर गेलं.

येडशीची फाइल उघडली. पहिल्यापासून शेवटपर्यंत नीट. बाकीचे गटही सापडले. फक्त तेर गेला होता.

साहेबांनी तेरच्या चिठ्ठ्यांची पोती गोदामातून काढून आणवली. “मोळी पडायच्या आत जेवढ्या भराल तेवढ्या पहिल्या पाळीच्या हिशेबात धरू. उरतील त्या दुसऱ्या पाळीत,” ते म्हणाले. चिठ्ठ्या महिनोन् महिने कशाही कोंबलेल्या. कुणाची कुठं असेल ते सांगता येत नव्हतं, आणि शोधून आधी काढायची नाही, हातात येईल ती भरायची, असं त्यांनी सगळ्यांसमोर ठरवलं. ते बरोबरच होतं. मला मात्र प्रत्येक गठ्ठा उघडताना वाटायचं, यात असू दे.

बातमी एसटीबरोबर तेरला पोचली. दुसऱ्या दिवशी सकाळी वडील दारात उभे. चपला बाहेर, टोपी हातात. मी उठून उभी राहिले. लहानपणी त्यांनी मला कधी मारलं नव्हतं, तरी मी एक पाऊल मागं सरकले.

“तेरचं गेलं म्हणत्यात.”

“व्हय बाबा.”

“मशीनीनं पुसलं?”

खोटं बोलायची ती वेळ होती. मशीननं, म्हटलं असतं तर ते परत गेले असते. “म्या पुसलं,” मी म्हटलं. “येडशी न्हायतर तेर, एकच वाचत व्हता. येडशी नवा व्हता.”

“आपला तेरात हाय हे ठावं असून?”

“व्हय.”

त्यांनी टोपीची घडी घातली. मग म्हणाले, “माझ्या संगं एसटीत येडशीचा एक माणूस बसला व्हता. त्याची बी हीर आटली. सारखं इचारीत व्हता, आमचं ऱ्हायलं का, आमचं ऱ्हायलं का.” त्यांनी टोपी खिशात घातली. “कुठंयत त्या चिठ्ठ्या?”

वडील चौथी शिकलेले होते. मामा आधीच पोत्यापाशी बसले होते, आल्यापासून त्यांनी दुसरं काम घेतलंच नव्हतं. दोघं समोरासमोर मांडी घालून बसले. मामा गठ्ठे सोडायचे, वडील एकेक चिठ्ठी वाचायचे, मी भरायची. खरडून लिहिलेलं ते डोळ्यांजवळ धरून, अक्षर अक्षर जुळवत वाचायचे, चुकलं तर मागं जाऊन पुन्हा वाचायचे. मुक्कामाला ते मामांच्या खोलीवरच राहिले. घरी विहीर रोज खाली जात होती, पण त्यांनी तो विषय काढला नाही. मीही काढला नाही. रोज संध्याकाळी पोत्यात किती उरलंय ते मात्र आम्ही तिघंही चोरून बघायचो.

मोळी दुसऱ्या दिवशी पडायची होती. बॉयलर पेटला होता, चिमणीतून धूर निघाला होता. शेवटच्या पोत्याच्या तळाशी आम्ही आलो होतो. मामांनी गठ्ठा सोडला आणि त्यांची नजर वरून खाली गेली. त्यांनी मधलीच एक चिठ्ठी उचलली. “भाऊ, ही तुमची दिसती. घ्या, भरून टाका. दिवस मावळाया आला.”

वडिलांनी चिठ्ठी हातात घेतली, बघितली, आणि जिथून काढली होती तिथं परत सारली. “मधी नगं,” ते म्हणाले. “तिच्या जागंला यिऊ द्या.”

मला ओरडावंसं वाटलं. वीज जाईल, मशीन बिघडेल, साहेब येऊन ‘आता पुरे’ म्हणतील. वरच्या चिठ्ठ्या संपता संपेनात. वडील त्याच संथपणानं वाचत होते. मग एकदाचं त्यांनी पुढचा कागद डोळ्यांजवळ धरला आणि इतरांसारखंच वाचलं, आधी गाव, मग स्वतःचं नाव परक्याचं वाचावं तसं, मग क्षेत्र, एक एकर, मग लागणीची तारीख. तारखेला आवाज जरा बसला. त्यांनी मागं जाऊन तारीख पुन्हा वाचली.

मी भरलं. बटण दाबलं. मशीननं काहीच म्हटलं नाही, खाली कोरी ओळ आली. मी वडिलांकडं बघितलं. तेही काही बोलले नाहीत. त्यांनी पुढची चिठ्ठी उचलली.